ग्लिच सुरावट

ग्लिच सुरावट : अडखळत राहणारी पुनरावृत्ती, मध्येच तुटलेला स्वर, टिचकीसारखा 'खट्' आवाज, खरखर असे ध्वनियंत्रणेतील बिघाडाचे आवाज हेच कच्चे द्रव्य मानून संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधलेली प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक स्वररचना. यंत्रातील खरा बिघाड केव्हाही आणि कुठेही होतो. ग्लिच सुरावटीतला बिघाड मात्र कानाने पारखलेला, कापून घेतलेला आणि लयीच्या ठरावीक जागी बसवलेला असतो, म्हणून त्याची गणना संगीतात होते. या नोंदीत या तंत्राचा उगम आणि त्याची कार्यपद्धती सांगितली असून परभणी जिल्ह्यातील लोकसंगीत व मिरवणुकीचे संगीत यांच्याशी त्याचा कोठे संबंध येतो, याचाही विचार केला आहे.

गोंगाटाला संगीतात स्थान द्यावे, ही मागणी इटालियन चित्रकार लुईजी रुसोलो याने १९१३ मध्येच केली होती आणि १९४८ मध्ये पॅरिसमध्ये प्येर शेफर याने आगगाडीच्या ध्वनिमुद्रणांतून रचना केल्या होत्या; तरी ग्लिच ही शैली म्हणून ओळखली गेली ती कॉम्पॅक्ट डिस्क घरोघरी पोचल्यानंतर. डिस्कवर ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या, म्हणजे सॅम्पलांच्या रूपात साठवलेला असतो आणि ओरखड्यामुळे गहाळ झालेली माहिती भरून काढण्याची गणिती सोयही तीत असते. ही सोय साधारण अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचे नुकसान पूर्णपणे झाकते. त्यापुढे मात्र यंत्र अंदाजाने जागा भरते किंवा एकाच जागी अडकून तोच तुकडा वाजवत राहते. जपानी कलावंत यासुनाओ तोने याने १९८० च्या दशकात डिस्कला टाचणीने भोके पाडलेली चिकटपट्टी लावून ही सीमा जाणूनबुजून ओलांडली, तर जर्मनीतील ओव्हाल या गटाने डिस्कवर पेनने रेघोट्या ओढून मिळालेले आवाज संगणकावर जुळवले आणि १९९४ मध्ये 'सिस्टेमिश' हा संग्रह काढला. फ्रँकफुर्टच्या मिल प्लाटो या संस्थेने २००० मध्ये 'क्लिक्स अँड कट्स' हा संकलित संच प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी किम कॅस्कोन याने 'कॉम्प्युटर म्युझिक जर्नल'मधील लेखात या प्रवाहाला अपयशाचे सौंदर्यशास्त्र म्हटले. तोपर्यंत ओरखडलेल्या डिस्कची गरजही संपली होती, कारण तोच परिणाम सॉफ्टवेअरमधून, शिवाय हवा तेव्हा आणि हवा तितका, मिळू लागला होता.

महाराष्ट्रात या वाटेवरचे पूर्वसूरी म्हणून मुंबईचे वादक चरणजित सिंग यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची टीबी-३०३ व टीआर-८०८ ही यंत्रे वापरून दहा रागांचा डिस्को तालावरचा ध्वनिसंग्रह केला. टीबी-३०३ हे यंत्र गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून बनवले होते. सिंग यांनी त्यावर रागाची सुरावट चालवली. हा ग्लिच नव्हे, परंतु यंत्राला त्याच्या नेमून दिलेल्या कामाबाहेर नेण्याची वृत्ती तीच आहे. संग्रहाकडे त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही; २०१० मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली.

ग्लिच सुरावटीची रचना समजण्यासाठी पुनरावृत्तीचा वेग ध्यानात घ्यावा लागतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. तिचे चार भाग करून एकच तुकडा वाजवत राहिले, तर तो सेकंदाला आठ वेळा येतो आणि तबल्यातील दुगुन-चौगुनीप्रमाणे लय म्हणून ऐकू येतो. आठ भाग केले, तर सोळा वेळा येऊन थरथर वाटतो. सोळा भाग केले, की तो सेकंदाला बत्तीस वेळा येतो आणि इथे लय मावळून खर्जातला स्वर उमटू लागतो. साधारणतः सेकंदाला वीस आवर्तनांच्या पलीकडे कान आघात मोजणे सोडून देतो आणि त्यांचा एकच सूर ऐकतो. लयीचा असा स्वर होणे हा या तंत्राचा गाभा आहे, आणि नवशिक्यांच्या रचनांत नेमके त्याकडेच दुर्लक्ष झालेले दिसते.

हेच तत्त्व पुढे नेले म्हणजे कोणत्याही आवाजातून नेमका स्वर काढता येतो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पले असलेल्या ध्वनिमुद्रणातून १५९ सॅम्पलांचा तुकडा कापून तो सलग फिरवला, तर तो सेकंदाला सुमारे २७७ वेळा वाजतो आणि पेटीवरच्या मध्य सप्तकातील काळी एकचा स्वर मिळतो. तुकडा १०६ सॅम्पलांचा घेतला, तर त्याच षड्जाचा पंचम मिळतो, कारण १५९ आणि १०६ यांचे प्रमाण तीनास दोन असे आहे. १२७ सॅम्पलांवर शुद्ध गंधार जवळपास जुळतो. मूळ आवाज दाराच्या कडीचा असो वा माणसाच्या खोकल्याचा, स्वराची उंची तुकड्याच्या लांबीवरून ठरते आणि मूळ आवाजाचा गुण केवळ त्याच्या पोतात उरतो. अशा तीन-चार लांबीच्या तुकड्यांची मांडणी म्हणजेच ग्लिच सुरावटीचा सांगाडा होय. कापलेल्या जागी ध्वनितरंग शून्यावर नसेल, तर 'खट्' असा आवाज येतो. एरवी ध्वनिमुद्रक दोन-तीन मिलिसेकंदांचा उतार देऊन तो पुसून टाकतात, येथे तो आघात म्हणून राखला जातो.

याखेरीज आणखी काही प्रक्रिया रूढ आहेत. प्रत्येक सॅम्पलची नोंद १६ बिटांत होते तेव्हा आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या उपलब्ध असतात. त्या ८ बिटांत २५६ आणि ४ बिटांत अवघ्या १६ उरतात, आणि मऊ स्वर करकरीत होतो. छायाचित्राची फाइल ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कच्ची माहिती म्हणून उघडली, तर चित्रातील ओळी गुणगुणाटाच्या रूपाने ऐकू येतात. एबलटन लाइव्हमधील 'बीट रिपीट' हे साधन पुनरावृत्ती कधी व्हावी हे संभाव्यतेवर सोपवते, म्हणजे दर वेळी रचना थोडी वेगळी वाजते. यादृच्छिकतेची ही सोय मोहक असली, तरी यंत्राने टाकलेल्या शंभर तुकड्यांतून चार ठेवण्याचे काम रचनाकारालाच करावे लागते आणि रचनेचा कस तेथेच लागतो.

परभणी जिल्ह्यात आणि एकूण मराठवाड्यात हे तंत्र ग्लिच या नावाने आले नाही. ते मिरवणुकीच्या डीजेबरोबर, रिमिक्स म्हणून आले. या क्षेत्रातील तरुणांमध्ये सर्वाधिक प्रचलित सॉफ्टवेअर म्हणजे बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीने १९९७ मध्ये काढलेले फ्रुटीलूप्स. २००३ पासून ते एफएल स्टुडिओ या नावाने ओळखले जाते आणि बोलण्यात नुसते 'एफएल' म्हटले जाते. गणेशोत्सव, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, लग्नाची वरात अशा प्रसंगी वाजणाऱ्या 'हलगी मिक्स' आणि 'संबळ मिक्स' रचनांत गाण्याच्या एका अक्षराची पाच-सहा वेळा अडखळती पुनरावृत्ती करून मग एकदम ठेका सोडण्याची लकब ऐकू येते, आणि डीजेचे नाव पुकारणारा आवाजही तसाच तुकडे करून पेरलेला असतो. एफएलमधील 'स्लाइसेक्स', 'ग्रॉस बीट' व 'ग्रॅन्युलायझर' ही साधने ग्लिच रचनाकार वापरतात तीच आहेत. फरक ऐकण्याच्या जागेत आहे. दोन मिलिसेकंदांची टिचकी ट्रॉलीवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून बाहेर पडते तेव्हा बासच्या दणक्यात ती पार बुडते. ग्लिच सुरावट हेडफोनवर किंवा शांत खोलीतच कळते. त्यामुळे मिरवणुकीसाठी रचना करणाऱ्याकडे कौशल्य असूनही त्याच्या कामातला सूक्ष्म भाग श्रोत्यांपर्यंत पोचत नाही, ही या क्षेत्राची खरी अडचण होय.

एफएलच्या मुख्य पटलावर मूळ मांडणीत एका ओळीत सोळा घरे असतात, आणि त्रितालाच्या सोळा मात्रा त्यांत चपखल बसतात. पाच घरांचा एक तुटका तुकडा तीनदा घेऊन मध्ये एकेक घर मोकळे सोडले, तर सतरावे घर, म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम, बरोबर तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी येते आणि अडखळण्याची तिहाई होते. ऐकणाऱ्याला आधी यंत्र अडकल्यासारखे वाटते आणि समेवर आल्यावर तो हिशेब होता हे उमगते. पाश्चात्त्य ग्लिचमध्ये असा परिणाम क्वचितच साधला जातो, कारण तेथे समेची अपेक्षा श्रोत्याच्या कानात मुरलेली नसते.

ध्वनिसामग्रीच्या बाबतीत जिल्हा संपन्न आहे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. जात्याच्या घरघरीवर म्हटलेल्या ओवीची परंपरा या भागात दीर्घकाळ टिकली. ओवी गाणारी बाई ओढीच्या जोरानुसार स्वर लांबवते, श्वासासाठी मध्येच तोडते आणि तोडलेले चरण पुन्हा घेते, त्यामुळे तिच्या गाण्यात तुकडे पाडण्याच्या नैसर्गिक जागा तयारच असतात. खाली दगडाची संथ खरखर अखंड चालू असते, ती षड्जाप्रमाणे धरता येते. गोंधळातील संबळ हे दुसरे साधन. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांनी गोंधळ दूरवर पोचवला. संबळाच्या लहान भांड्याचा आघात अतिशय तीक्ष्ण असतो, म्हणून तो कितीही बारीक कापला तरी ओळखू येतो, आणि मोठ्या भांड्याचा घुमारा स्वर सरकवत नेतो. आकाशवाणीच्या परभणी केंद्राचे मध्यम लहरींवरील प्रक्षेपण हाही असाच एक स्रोत होय, कारण आभाळात वीज चमकली की त्यात उठणारी कडकड हा निसर्गाने घातलेला ग्लिचच असतो.

या जिल्ह्याची ओवी आणि संगीताचे सॉफ्टवेअर यांची गाठ एका संशोधकाच्या कामात आधीच पडलेली आहे. फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ बर्नार बेल यांनी जेम्स किपन यांच्यासह १९८० च्या दशकात 'बोल प्रोसेसर' ही संगणकप्रणाली तयार केली. लखनौ घराण्याच्या तबल्यातील कायद्याचे व्याकरण नियमांत मांडून ती नवे पलटे निर्माण करी आणि ते उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्यापुढे पारखण्यासाठी ठेवले जात. याच बेल यांनी १९९० च्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले आणि त्यात परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यातल्या ताडकळस या गावाचाही समावेश होता. पुण्याच्या हेमा राइरकर व गी प्वातवँ यांनी उभारलेल्या या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहातून त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहेत.

अशा ध्वनिमुद्रणांवर काम करताना मूळ फाइल संकोच न केलेल्या वेव्ह स्वरूपात वेगळी जपून तिच्या प्रतीवरच तोडफोड करावी लागते, कारण एमपी३मध्ये आधीच गाळलेले तपशील नंतर परत आणता येत नाहीत. दुसरी बाब श्रेयाची आहे. चार-पाच मिलिसेकंदांचे तुकडे केल्यावर गाणारी ओळखू येत नाही, म्हणून तिचे नाव गाळणे सोपे होते. 'पारी'च्या संग्रहात मात्र ओवीबरोबर गायिकेचे, गावाचे आणि तालुक्याचे नाव नोंदवलेले असते. ओवीवरून केलेल्या ग्लिच रचनेतही गायिकेची पूर्वसंमती घ्यावी आणि ही तिन्ही नावे द्यावीत.