बिल्ल्यावरचा क्रमांक खरे सांगतो का? जुन्या लडविग स्नेअर ड्रमची पारख

१/ ९ फेब्रुवारी १९६४. अमेरिकेतील 'एड सलिव्हन शो'मध्ये बीटल्सचे थेट वादन झाले. रिंगो स्टारच्या मोठ्या ड्रमवर 'लडविग' हे नाव ठळकपणे झळकत होते. शिकागोच्या या कंपनीकडे मागणीचा लोंढा सुरू झाला. आज त्या काळातील स्नेअर ड्रम संग्राहकांच्या बाजारात येतात आणि बहुतेक सगळेच 'बीटल्सच्या वर्षांतले' म्हणून विकले जातात. हा दावा तपासायचा कसा?

२/ आधी नावाचा इतिहास. 'लडविग अँड लडविग'ची स्थापना १९०९ ची. पुढे ती कॉन कंपनीच्या ताब्यात गेली. विल्यम लडविग यांनी १९३७ मध्ये वेगळा कारखाना काढला; मात्र स्वतःचेच आडनाव वापरता येईना, म्हणून 'डब्ल्यूएफएल' ही आद्याक्षरे आली. मूळ नाव १९५५ मध्ये परत विकत घेतले गेले. त्यामुळे बिल्ल्यावरील नाव हाच कालनिर्णयाचा पहिला पुरावा ठरतो.

३/ १९६० च्या दशकातील बिल्ला कमानीच्या माथ्यावरील मधल्या दगडाच्या आकाराचा. म्हणून त्याला 'कीस्टोन' म्हणतात. त्यावर अनुक्रमांक येऊ लागले ते १९६३-६४ च्या सुमारास. म्हणजे क्रमांक असलेला ड्रम १९५८ चा असू शकत नाही.

४/ येथेच खरी फसगत होते. क्रमांकांवरून नेमके वर्ष सांगणारे तक्ते प्रचलित आहेत. परंतु कारखान्यात बिल्ले काटेकोर क्रमाने बसवले जात नसत. पेटीतून हाती येईल तो बिल्ला ड्रमवर चढे. त्यामुळे क्रमांक काळाचा अंदाज देतो, जन्मतारीख देत नाही.

५/ लाकडी ड्रमच्या आत मात्र अनेकदा तारखेचा शिक्का आढळतो. बाहेरच्या बिल्ल्यापेक्षा हा आतला पुरावा अधिक भरवशाचा. म्हणून विक्रेत्याकडे आतल्या बाजूची छायाचित्रे आवर्जून मागावीत.

६/ मग लग मोजावेत. सुप्राफोनिकला १०, जॅझ फेस्टिव्हलला ८, स्वस्त पायोनियरला ६. सुरुवातीच्या क्रोमच्या ड्रमचे शेल पितळी होते, १९६३ च्या सुमारास ॲल्युमिनियम आले. वजनातला फरक हातालाच जाणवतो. हवेच्या छिद्राच्या कडेला पिवळी झाक दिसली तर धातू पितळ. ॲल्युमिनियमवरील क्रोमला खड्डे पडणे नेहमीचे. एवढ्यावरून ड्रम बनावट ठरत नाही.

७/ आता मोल. वरचे-खालचे हेड आणि स्नेअरच्या तारा या झिजणाऱ्या वस्तू. त्या बदलल्याने किंमत फारशी घसरत नाही. किंमत पाडतात ती नंतर पाडलेली छिद्रे, दुसऱ्या काळातला स्नेअरचा खटका, नव्याने चढवलेले आवरण किंवा मुलामा. वापरात नसलेले प्रत्येक छिद्र म्हणजे हरवलेल्या मूळ भागाची खूण.

८/ शेलचा गोलपणा पट्टीने तीन-चार दिशांनी मोजावा. हेड काढून कडा सपाट फरशीवर टेकवावी, आत दिवा ठेवावा. प्रकाश झिरपला तर कडा वाकडी. डागाळलेला ड्रम उजळता येतो, वाकडे शेल सरळ करणे कठीण.

९/ बिल्ला एका पोकळ रिबिटीने बसवलेला असतो. ती रिबीट उचकटलेली वा नवी दिसली, तर बिल्ला दुसऱ्याच ड्रमवरून आलेला असू शकतो. असा जोडड्रम वाजेल उत्तम. मात्र त्याला मूळ ड्रमची किंमत देऊ नये.

१०/ दस्तऐवजाची पारख करताना इतिहासकार बाह्य आणि अंतर्गत परीक्षण करतो. ड्रमलाही तोच न्याय. बिल्ला, लग, धातू, शिक्का आणि छिद्रे हे सारे एकाच काळाकडे बोट दाखवत असतील, तरच त्या काळाची किंमत द्यावी. एकही साक्षीदार उलटला, तर भाव नव्याने ठरवावा. विक्रेत्याची कथा कितीही रंगतदार असो, तिला पुराव्याचे वजन नसते.