पुस्तक मिळेना, म्हणून तिनंच लिहिलं

परवा एका बचत गटाच्या बैठकीत प्रश्न निघाला. गटाच्या मसाल्यांचं वेबपेज करायचंय, तर ते शिकायला पुस्तक आणावं की मोबाइलवरच बघून शिकावं? एक काकू म्हणाल्या, "पुस्तकाला रेंज लागत नाही." त्यावर त्यांची सून म्हणाली, "पण पुस्तकातली बटणं पडद्यावरच्या बटणांशी जुळत नाहीत, त्याचं काय?" खरं तर दोघींचंही होतं. आणि हा वाद तीस वर्षांपूर्वीचा आहे, म्हणून आज त्याचीच गोष्ट.

वेबचा जन्म जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती बाहेरच्या जगाला खुली झाली. कुठल्याही साध्या संगणकावर ही पानं दिसावीत म्हणून ब्राउझर लिहिला, तो निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीनं. हे नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

पान कसं बनवायचं याचं पुस्तक तेव्हा बाजारात नव्हतं. मग लोक शिकले कसे? आपण शिवण शिकतो तसे. जुना, मापाचा ब्लाउज उसवायचा, तुकडे कागदावर ठेवायचे, कटिंग कळतं. वेबच्या पानाचंही तसंच होतं. ब्राउझरमध्ये एक सोय होती, पानामागची सगळी लिखावट उघडून दाखवणारी. लोक ती बघत, उतरवून घेत, आपला मजकूर घालत. आजही संगणकावर ही सोय आहे. पण उसवून 'कसं' ते कळतं, 'का' ते कळत नाही. मुंढ्याला तेवढाच खोलगट आकार का दिला, हे ब्लाउज सांगत नाही, शिकवणारी बाई सांगते.

इथे लिंडा वाइनमन येतात. या अमेरिकेतल्या. चित्रपटांच्या ॲनिमेशनचं काम केलेल्या, कॅलिफोर्नियात पॅसाडिना इथल्या कला महाविद्यालयात शिकवणाऱ्या. विद्यार्थ्यांसाठी वेबवरच्या चित्रांचं पुस्तक शोधलं, तर होती ती सगळी तंत्रज्ञांनी तंत्रज्ञांसाठी लिहिलेली. तेव्हा १९९६ मध्ये त्यांनी स्वतःच एक लिहिलं, 'डिझायनिंग वेब ग्राफिक्स'. ते खूप चाललं.

त्यातली एक गोष्ट फार गाजली, ती रंगांची. तेव्हाच्या बहुतेक संगणकांवर एका वेळी २५६ रंगच दिसत, आणि मॅकिंटॉशचे २५६ वेगळे, विंडोजचे वेगळे. दोन्हीकडे सारखे होते फक्त २१६. लाल, हिरवा, निळा या प्रकाशाच्या प्रत्येकी सहा पायऱ्या, म्हणजे सहा गुणिले सहा गुणिले सहा. त्याबाहेरचा रंग घेतला की दुसऱ्याच्या पडद्यावर तो ठिपकेदार, मळकट दिसे. वाइनमन यांनी या २१६ रंगांचा तक्ताच दिला. आता गंमत बघा. पडदा रंग दाखवतो प्रकाशानं, पुस्तक छापतात शाईनं. झगमगता निळा कागदावर उतरतच नाही. म्हणजे रंगाचं पुस्तक, आणि रंगासाठीच पडद्याकडे बघायला लागायचं!

पुढे पडदे सुधारले, लाखो रंग दिसू लागले आणि तो तक्ता बाद झाला. पुस्तकाची तिसरी नवी आवृत्ती १९९९ मध्येच काढावी लागली. पण त्याच विषयातलं दुसरं ज्ञान टिकलं. फोटो असेल तर जेपेग वापरा, आणि काहीही असो, वजनाला हलकं ठेवा. तुमच्या मसाल्याचं पान रेंज कमी असलेल्या गावात उघडत नसेल, तर आधी फोटोचं वजन बघा.

वाइनमन यांनी पतीबरोबर ओहाय या गावात वर्गही काढले. २००१ नंतर मंदी आली, प्रवास करून शिकायला येणारे कमी झाले, माणसं कामावरून कमी करावी लागली. तेव्हा २००२ मध्ये त्यांनी धडे व्हिडिओ करून इंटरनेटवर ठेवले, महिना २५ डॉलर. २०१५ मध्ये लिंक्डइननं ती संस्था दीड अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही मोठ्या शहरांत, टेलिफोनच्या तारेवरून. मिनिटामिनिटाचं बिल, आणि तेवढा वेळ फोन अडकलेला. त्यामुळे पुस्तक वाचून वहीत लिहायचं आणि मग थोडा वेळ जोडणी घ्यायची, हेच परवडे. मराठीची अडचण आणखी निराळी. छापखान्यात कुठलाही टाइप चाले, पण वेबपानावरचा मराठी फाँट वाचणाऱ्याच्या संगणकात नसला की 'हळद' च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसत. युनिकोड सगळीकडे रुळल्यावर हा ताप गेला. आज तुम्ही मोबाइलवर 'हळद' लिहिता आणि ती जगभर 'हळद' च दिसते.

त्या बैठकीत शेवटी काय ठरलं? काकूंनी तालुक्याहून एक जुनं पुस्तक आणलंय, सून व्हिडिओ बघते. पुस्तकातलं जे पडद्यावर जुळलं नाही, ते दोघी लाल पेनानं खोडतात आणि बाजूला तारीख घालतात. परवापर्यंत नऊ पानं झाली होती.