औषध घेऊन उन्हात गेल्यावर त्रास होईल का? प्राण्यांशिवाय ही तपासणी कशी होते

डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू असताना दुपारी शेतात काम केले किंवा दुचाकीवरून प्रवास केला, तर काही जणांचा चेहरा, मान आणि हातांची मागची बाजू भाजल्यासारखी लाल होते. तेवढाच वेळ उन्हात असलेल्या घरातील इतरांना मात्र काहीच होत नाही. या त्रासाला फोटोटॉक्सिक प्रतिक्रिया म्हणतात. औषधासोबतच्या माहितीपत्रकात याबद्दल सूचना असते. ती कोणत्या तपासण्यांवरून ठरते, हे समजले तर तिचा अर्थही नीट लावता येतो.

असे का होते?

काही रसायने अतिनील किंवा दृश्य प्रकाश शोषून घेतात. ती ऊर्जा आजूबाजूच्या ऑक्सिजनला किंवा थेट पेशीतील घटकांना मिळते आणि त्वचेच्या पेशींना इजा होते. डॉक्सिसायक्लिन, हायड्रोक्लोरोथायझाइड (रक्तदाबावर), अमिओडारोन (हृदयाच्या ठोक्यांवर), व्होरिकोनाझोल (बुरशीवर) आणि वेदनाशामक किटोप्रोफेन जेल ही याची परिचित उदाहरणे आहेत. बावचीतील सोरालेनमुळेही हे घडते. कोडावर बावचीचे तेल स्वतःच लावून उन्हात बसल्याने मोठे फोड येऊ शकतात.

तपासणीच्या पायऱ्या

१. प्रकाश शोषला जातो का? पदार्थ २९० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाश किती शोषतो, हे यंत्रावर मोजतात. शोषण अगदी कमी असेल तर सहसा पुढील चाचणीची गरज नसते.

२. घातक ऑक्सिजन तयार होतो का? यात पेशीही लागत नाहीत. द्रावणावर प्रकाश टाकून रासायनिक बदल मोजतात.

३. पेशींवरील चाचणी. ही सर्वाधिक वापरली जाते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) तिला २००४ मध्ये मान्यता दिली. यातील पेशी मूळच्या उंदराच्या आहेत, पण त्या १९६० च्या दशकापासून प्रयोगशाळेतच वाढवल्या जात आहेत. प्रत्येक चाचणीसाठी नवा प्राणी लागत नाही. पेशींच्या दोन प्लेटमध्ये तोच पदार्थ कमी-जास्त प्रमाणात घालतात. एक प्लेट अंधारात ठेवतात, दुसरीवर ठरावीक प्रकाश सोडतात. दुसऱ्या दिवशी न्यूट्रल रेड नावाचा लाल रंग घालतात. जिवंत पेशी तो रंग आत घेतात, मेलेल्या घेत नाहीत. निम्म्या पेशींवर परिणाम होण्यासाठी अंधारात पदार्थ किती लागला आणि प्रकाशात किती, याचे गुणोत्तर काढतात. ते २ पेक्षा कमी असेल तर धोका दिसत नाही, २ ते ५ मध्ये निकाल संदिग्ध असतो, आणि ५ किंवा अधिक असेल तर पदार्थ फोटोटॉक्सिक समजतात.

४. मानवी त्वचेचा नमुना. मानवी पेशींपासून वाढवलेल्या थरांवर मलम किंवा पदार्थ लावून तपासतात. या पद्धतीला ओईसीडीची मान्यता २०२१ मध्ये मिळाली.

भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ पासून बंदी आहे.

निकालाचा तुमच्यासाठी अर्थ

पेशींवरील चाचणीत दोष आढळला नाही, तर त्या पदार्थामुळे असा त्रास होण्याची शक्यता फारच कमी असते. उलट, दोष आढळला म्हणजे तुम्हाला त्रास होणारच असे नाही. तुमचा डोस, औषध त्वचेपर्यंत किती पोहोचते आणि तुम्ही किती वेळ उन्हात असता, यावर ते अवलंबून असते. म्हणून माणसांवरील अनुभवही पाहिला जातो. आणखी एक मर्यादा म्हणजे प्रकाशामुळे होणारी अ‍ॅलर्जी ही वेगळी असते, ती या चाचण्यांत कळत नाही.

तुम्ही काय करावे?

• सूचना वाचून घाबरून औषध स्वतःहून बंद करू नका. रक्तदाब किंवा हृदयाचे औषध अचानक थांबवणे उन्हाच्या त्रासापेक्षा धोकादायक ठरू शकते.
• तुमचे काम उन्हातले असेल तर औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगा. पर्यायी औषध देता येते का, हे ते पाहतील.
• पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रुंद काठाची टोपी वापरा. सनस्क्रीन यूव्हीए आणि यूव्हीबी या दोन्हींपासून संरक्षण देणारे घ्या. यूव्हीए किरणे खिडकीच्या साध्या काचेतूनही येतात.
• किटोप्रोफेन जेल लावलेला भाग झाकून ठेवा. वापर थांबवल्यानंतरही दोन आठवडे ही काळजी घ्या.
• बावचीचे तेल स्वतःच्या मनाने वापरू नका. सोरालेनचे उपचार त्वचारोगतज्ज्ञ प्रकाशाची मात्रा मोजून देतात.

फोड आले, डोळे किंवा चेहरा सुजला, ताप आला किंवा लाली पसरत गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सुरू असलेली सर्व औषधे, मलमे आणि घरगुती तेले सोबत न्या. कारण शोधायला त्यांचीच सर्वाधिक मदत होते.