तंजावर: राज्य गेलेल्या राजाचा कारभार

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केले. त्याच्या भिंतींवर तमिळ शिलालेखांची रांगच्या रांग आहे. देवाला दिलेले दागिने, गावे, दिव्यांसाठी दिलेली जनावरे, नाचणाऱ्या स्त्रियांची नावे, सगळे दगडात कोरून ठेवलेले. आणि याच मंदिराच्या आवारात एका भिंतीवर चक्क मराठी मजकूर सुरू होतो. तो आहे भोसल्यांच्या वंशाचा इतिहास. बाबूराव चिटणीसांनी रचलेला हा वृत्तांत १८०३ मध्ये कोरला गेला. देशातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. शहाजीराजांच्या घराण्याची कथा मराठी मुलखात एवढ्या विस्ताराने कुठे दगडावर चढली नाही. ती चढली कावेरीच्या काठी.

ज्याच्या आज्ञेने हा लेख कोरला गेला, त्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या हातात तेव्हा राज्य उरलेले नव्हते. चार वर्षांपूर्वी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, तंजावरचा सारा मुलकी आणि लष्करी कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजाकडे राहिला किल्ला, वर्षाची एक लाख होनांची नेमणूक आणि महसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. मराठी इतिहासलेखनात अशा राजांना सहसा एखादी ओळ मिळते. लढाई नाही, मोहीम नाही, मग लिहायचे काय? हा निकष सरफोजींवर अन्याय करणारा आहे आणि आपले स्वतःचे नुकसान करणाराही आहे. कारण तंजावरच्या मराठ्यांनी दक्षिणेच्या नृत्यावर, कीर्तनावर, वैद्यकावर आणि ग्रंथसंग्रहावर जो ठसा उमटवला, तो तलवारीच्या जोरावर मिळवलेल्या कित्येक सुभ्यांपेक्षा जास्त टिकला.

या राज्याची सुरुवात मात्र तलवारीनेच झाली. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, ज्यांना एकोजीही म्हणतात, विजापूरच्या आदिलशहाचे सरदार म्हणून दक्षिणेत उतरले आणि १६७५-७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. त्यांच्या आधी तिथे नायक राजे होते. दरबाराची भाषा तेलुगू, रयतेची तमिळ, विद्येची संस्कृत. नवा राजा मराठी. अशा वेळी जेत्याने आपली भाषा लादावी हा जगभरचा शिरस्ता. व्यंकोजींच्या नावावर मात्र तेलुगूत रचलेले द्विपद रामायण आहे.

त्यांचे पुत्र शहाजी यांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केले, आणि मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव टाळताच येत नाही. विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते १८४३ मध्ये. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी शहाजीराजे तंजावरात ‘लक्ष्मीनारायणकल्याण’सारखी मराठी नाटके रचत होते. त्यांचे ‘पंचभाषाविलास’ तर संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी अशा पाच भाषांत आहे. त्यांनी तिरुविसनल्लूर हे गाव पंडितांना इनाम दिले. त्याला शहाजीराजपुरम् असे नाव पडले. महाराष्ट्रात औरंगजेबाच्या फौजा किल्ल्यामागून किल्ला वेढत होत्या त्याच वर्षांत हे चालले होते. दोन मराठी जगे एकाच वेळी किती वेगळी जगत होती!

सरफोजींचा जन्म १७७७ चा. राजे तुळजाजींना वारस नव्हता, म्हणून त्यांनी १७८७ मध्ये भोसले कुळातल्या या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याला ख्रिश्चन फ्रेडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हवाली केले. तुळजाजी लवकरच वारले. त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर आले आणि दत्तक शास्त्राला धरून नाही असा निर्णय पंडितांकडून घेतला गेला. मुलाला वाड्यात कोंडल्यासारखे ठेवले होते, शिक्षणही बंद. श्वार्ट्झने कंपनीकडे तक्रार लावून धरली. १७९३ मध्ये मुलाला मद्रासला नेण्यात आले आणि तिथे त्याचे इंग्रजी शिक्षण झाले. पंडितांचा पहिला निर्णय फिरला, अमरसिंह पायउतार झाले आणि जून १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले. कंपनीने ही मदत फुकट केली नव्हती. पुढच्याच वर्षी तहाच्या रूपाने तिने आपली किंमत वसूल केली.

श्वार्ट्झ हा राज्यारोहणाचा सोहळा पाहायला राहिला नाही. १७९८ च्याच फेब्रुवारीत तो गेला. राजाने आपल्या गुरूसाठी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या नामवंत शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. अंथरुणाला खिळलेला म्हातारा पाद्री आणि त्याचा हात धरून उभा असलेला राजा असे हे शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. पाद्र्याच्या हाताखाली वाढूनही सरफोजी अखेरपर्यंत हिंदू राहिले. यात्रा, देवळे, अन्नछत्रे, सगळे त्यांनी निष्ठेने सांभाळले. गुरूवरचे प्रेम आणि स्वतःचा धर्म यांत त्यांना ओढाताण वाटल्याचे दिसत नाही.

अन्नछत्रांबद्दल तर ते हट्टाने लिहीत. मराठा राजांनी रामेश्वरच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. १८०१ मध्ये, कारभार हातून गेल्यावर, सरफोजींनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून या छत्रांना धक्का लावू नये अशी विनंती केली. त्या पत्रात छत्रांचा कारभार तपशिलाने सांगितला आहे. येणाऱ्या वाटसरूला, तो कोणत्याही जातीचा असो, शिजवलेला भात मिळे. उशिरा रात्री आलेल्यालाही उपाशी झोपावे लागत नसे. आजारी पडला तर बरा होईपर्यंत वैद्य आणि पथ्याचे अन्न. वाटेत एखादी बाई बाळंत झाली तर तिची सोय. पोरक्या मुलांचे पालनपोषण आणि शिक्षण. राज्य गेलेला राजा तहाच्या कागदावर भांडायचे सोडून कशासाठी लेखणी उचलतो, यावरून त्याची पारख व्हावी. पुढच्याच वर्षी त्यांनी ओरतनाडू इथे मुक्तांबाळ छत्र उभारले. ज्या स्त्रीच्या नावाने ते उभे आहे, ती राणी नव्हती, राजाच्या प्रेमाची होती. त्या काळी तिचे नाव दगडी इमारतीला देणे सोपे नव्हते.

किल्ल्याच्या आत मग त्यांनी जे उभे केले, ते त्या काळच्या हिंदुस्थानात दुसऱ्या कुठल्या दरबारात सापडणे कठीण. १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना निघाला. त्याचे नाव ‘नवविद्याकलानिधी’. १८०६ मध्ये त्यात ‘बालबोधमुक्तावली’ छापली गेली. इसापच्या गोष्टींचे हे मराठी भाषांतर सख्खण पंडितांनी राजाच्या आज्ञेवरून केले. मराठी मुलांसाठीचे हे छापील पुस्तक पुण्या-मुंबईत नव्हे, तमिळ देशात जन्मले. पेशवाई तेव्हा अजून बारा वर्षे उभी राहायची होती.

धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपी वैद्यक शेजारी शेजारी बसले. औषधे पारखली गेली, आणि गुणकारी ठरलेले उपचार तमिळ पद्यात बांधून ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या ग्रंथमालेत नोंदवले गेले. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. पद्य का, तर पाठांतरातून शिकणाऱ्या वैद्याला ते लक्षात राहावे. पण सर्वांत विलक्षण आहेत ते डोळ्यांच्या रुग्णांचे कागद. मोतीबिंदू आणि इतर नेत्रविकारांवर उपचार केलेल्या रुग्णांची टिपणे, आणि त्यांच्यासोबत त्या त्या डोळ्याची रंगीत चित्रे. रोग्याची अवस्था कशी होती, पुढे फरक किती पडला, हे चित्रकाराला बसवून नोंदवून ठेवण्याची ही शिस्त आजच्या नेत्रतज्ज्ञांनाही अभ्यासाचा विषय वाटली आहे.

बिशप रेजिनल्ड हेबर १८२६ च्या मार्चअखेरीस तंजावरला आला. कलकत्त्याचा हा बिशप बरेच दरबार पाहून आला होता. लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ यांचे दाखले सहज देणारा आणि शेक्सपिअरवर जाणतेपणाने बोलणारा राजा पाहून तो थक्क झाला आणि तसे त्याने लिहून ठेवले. पुढे काही दिवसांतच, ३ एप्रिलला, तिरुचिरापल्लीत त्याचा मृत्यू झाला.

युरोपचे ज्ञान घेताना सरफोजींनी ते इंग्रजीतच कोंडून ठेवले नाही. ‘देवेंद्र कोरवंजी’ हे त्यांचे मराठी नाटक याची साक्ष आहे. कुरवंजी हा मुळात तमिळ नाट्यप्रकार: डोंगरातून आलेली कुरवर जमातीची बाई नायिकेचा हात पाहते, भविष्य सांगते आणि आपल्या मुलखाचे वर्णन गाते. सरफोजींची कोरवंजी वर्णन गाते ते साऱ्या पृथ्वीचे. खंड, देश, शहरे, नव्या भूगोलाने सांगितलेली पृथ्वी. साचा तमिळ, भाषा मराठी, विद्या युरोपची. शाळेच्या फळ्यावर शिकवायचा विषय त्यांनी रंगमंचावर नाचवला. तमिळ कवींनीही याची परतफेड केली: शिवक्कोळुंदु देशिकर यांनी खुद्द सरफोजींना नायक करून ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ लिहिली आणि ती पुढे कित्येक वर्षे बृहदीश्वराच्या उत्सवात नाचली जात होती.

नृत्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूने सुरू होतो, मग जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदे आणि शेवटी तिल्लाना. हा क्रम घडवण्याचे श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांना दिले जाते, आणि ते तंजावर दरबारचे. त्याच दरबारात सरफोजींच्या मराठी रचनांचा एक संग्रह तयार झाला: ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’. एकाच रागात, एकाच तालात बांधलेल्या नृत्यरचनांच्या या मालिका. त्यांतही शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असे जिन्नस एकामागोमाग येतात. भरतनाट्यमची घडण समजून घ्यायची तर मराठी वाचता आले पाहिजे, ही गोष्ट चेन्नईतल्या अभ्यासकांना माहीत आहे. पुण्या-मुंबईतल्या किती नृत्यशाळांत ती सांगितली जाते?

कीर्तनाची गोष्ट याहून हृद्य. समर्थ रामदासांच्या संप्रदायाचे मठ तंजावरात सतराव्या शतकातच रुजले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार तिकडे गेले आणि त्यांच्या निरूपणाने तमिळ श्रोते भारावले. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ही धाटणी आत्मसात केली, तिला कर्नाटक संगीताची जोड दिली आणि त्यातून तमिळ हरिकथेचे आजचे रूप घडले. त्यामुळे तमिळ हरिकथेत अजूनही साकी, दिंडी, ओवी, अभंग हे प्रकार याच नावांनी गायले जातात. मराठीचा गंध नसलेला गायक दिंडी म्हणतो, आणि कर्नाटक मैफलीच्या उत्तरार्धात एखादा अभंग ऐकायला श्रोते थांबून राहतात.

सरफोजींचे सर्वांत मोठे काम म्हणजे सरस्वती महाल. नायकांच्या काळापासून चालत आलेला हा ग्रंथसंग्रह त्यांनी जगातल्या मोजक्या संग्रहांच्या पंक्तीत नेऊन बसवला. १८२० मध्ये ते काशीयात्रेला निघाले, बरोबर सुमारे तीन हजार माणसे. यात्रेतून त्यांनी पुण्याबरोबर पोथ्याही गोळा केल्या. युरोपातून हजारो छापील पुस्तके मागवली. आज या ग्रंथालयात पन्नास हजारांच्या घरात हस्तलिखिते आहेत. संस्कृत सर्वाधिक, मग तमिळ, मराठी, तेलुगू. शिवाय मोडी कागदांचे शेकडो गठ्ठे, ज्यांत दरबाराचा रोजचा जमाखर्च आहे. त्यांतल्या अनेकांचे तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने करवून घेतले आहे.

हे सारे जवळजवळ हातचे गेले होते. सरफोजी १८३२ मध्ये वारले, त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक गेले. कंपनीने राज्य खालसा केले आणि पुढच्या वर्षी वाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. दागिने, शस्त्रे, ग्रंथ, सगळे. थोरल्या राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात कंपनीवर दावा लावला, आणि जिंकला. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. १८५९ मध्ये निकाल फिरला: ही राज्यकृती आहे, तिचा न्याय कोणत्याही न्यायालयाला करता येणार नाही. ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध कामाक्षी बोई साहेबा’ या नावाने हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. नंतर, १८६२ मध्ये, सरकारने मेहेरबानी म्हणून मालमत्ता राण्यांना परत केली.

ग्रंथ बचावले. आर्थर बर्नेल या न्यायाधीशाने संस्कृत पोथ्यांची सूची केली आणि ती १८८० मध्ये छापून आल्यावर युरोपातल्या पंडितांचे डोळे तंजावरकडे वळले. राजघराण्याने हक्क सोडल्यावर १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले. आजही किल्ल्यातल्या वाड्यात ते सुरू आहे.

तंजावरी मराठी माणसेही विखुरली, पण विरली नाहीत. कुंभकोणमच्या अशाच एका मराठी घरात १८२८ मध्ये जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे आणि १८७५ पासून बडोद्याचे. सयाजीराव गायकवाड तेव्हा कवळाणे गावातून बडोद्याच्या गादीवर नुकतेच दत्तक आलेले बारा वर्षांचे पोर होते. त्यांच्या अज्ञान काळात राज्याची घडी बसवली, शिक्षणाची व्यवस्था पाहिली ती या तंजावरी दिवाणाने. पुढे सयाजीरावांनी सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि गावोगावी ग्रंथालये उभी केली, त्या कारभाराचा पाया घालणारे हात कावेरीकाठच्या मराठी माणसाचे होते.