सदोष मनुष्यवध, तीव्र नैराश्य आणि शिक्षा : एक ऐतिहासिक टिपण
रत्नागिरीस मनोरुग्णालय स्थापन झाले 1886 साली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष्मण दगडू खटल्याचा निर्णय दिला. तापाने चिडचिड्या झालेल्या या पित्याने आपल्या दोन रडणाऱ्या मुलांना ठार केले होते. कृत्याचे स्वरूप त्यास कळत होते, म्हणून तो खुनाचा दोषी ठरला. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 84 केवळ आकलनशक्तीचा विचार करीत असे. तीव्र नैराश्यात मात्र आकलन बहुधा शाबूत असते; खचते ती संयमशक्ती. इंग्लंडने 1957 मध्ये मनोविकाराधीन खुनास सदोष मनुष्यवध मानण्याची तरतूद केली. त्यामुळे शिक्षा न्यायाधीशाच्या विवेकाधीन झाली. भारतात 2024 मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अशी तरतूद नाही. परिणामी, खून सिद्ध झाल्यावर नैराश्य फार तर फाशी टाळू शकते, जन्मठेप नव्हे. उणीव न्यायाधीशांच्या सहानुभूतीत नसून कायद्याच्या रचनेत आहे.