तळटीप : ‘नांदेडचे नाथराव’

* पं. नाथराव नेरळकर (१९३५–२०२१). जन्म नांदेडचा. १७ सप्टेंबर १९४८ला निजामी राजवट संपली तेव्हा नाथराव बारा-तेरा वर्षांचे होते. गाण्याची तालीम नांदेडातच, अण्णासाहेब गुंजकरांकडे. पुढे औरंगाबादला संगीताचे अध्यापन. लेखकाने इथे त्यांना हंगेरीच्या बेला बार्टोकच्या (१८८१–१९४५) पंगतीला बसवले आहे. दोघांनी शिकवले, एवढे साम्य खरे; बाकी तुलना ओढूनताणून आणलेली वाटते. बार्टोक खेड्यापाड्यांतली गाणी फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेई आणि स्वतःच्या रचनांचा स्वर न् स्वर कागदावर मांडी. म्हणूनच त्याचे संगीत आज कोणत्याही देशातला वाद्यवृंद वाजवू शकतो. नाथरावांची विद्या मात्र समोर बसलेल्या शिष्यांच्या गळ्यात उतरली. – संपादक