उजवा हात ७० टक्के

मुंबई, सप्टेंबर १८८४. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यात आले. त्यातील आठवड्याच्या सुटीची मागणी आज सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातील दुसरी एक मागणी मात्र क्वचितच आठवली जाते: कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

ही मागणी काळाच्या पुढची होती. त्या वेळी भरपाई हवी असल्यास दिवाणी दावा लावून मालकाची चूक सिद्ध करावी लागे. १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा होता, पण तो मृतांच्या वारसांसाठी. आणि तिथेही दुसऱ्याचा दोष दाखवणे आवश्यकच. यंत्राच्या पट्ट्यात हात गमावलेला, निरक्षर, पगार थांबलेला माणूस असा दावा कुठून लढणार?

इंग्लंडमध्ये दोषाची अट दूर करणारा कायदा १८९७ साली झाला. त्याच वर्षी लोखंडे प्लेगच्या साथीत वारले. हिंदुस्थानात असा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. कामगार नुकसानभरपाईच्या या कायद्याचा गाभा एका वाक्यात आहे: अपघात नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरीच्या ओघात घडलेला असावा. मालक निष्काळजी होता की नव्हता, हा प्रश्नच उरला नाही. कामगार नशेत असेल किंवा त्याने संरक्षक साधन जाणूनबुजून काढले असेल, तर मात्र हक्क जाई.

कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट होते आणि ते आजही वाचताना अंगावर काटा येतो. उजवा हात कोपरापासून वा त्यावर गेला तर कमाईची क्षमता ७० टक्के घटली असे मानायचे. डावा हात तसाच गेला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५. (डावखुऱ्या कामगाराचे काय, हा प्रश्न मनात येतोच.) प्रौढ कामगार कायमचा पूर्ण अपंग झाला तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळे, अंशतः अपंगत्वात तिचा तेवढा हिस्सा. म्हणजे महिना ३० रुपये मिळवणाऱ्याच्या अंगठ्याचे ३१५ रुपये होत, आणि तेही एकदाच. लोखंड्यांनी निर्वाह मागितला होता. कायद्याने हिशेब दिला.

तरीही त्या हिशेबामागे दूरदृष्टी होती. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायद्याने निरर्थक ठरवला. एकरकमी तडजोडीची नोंद भरपाई आयुक्तांकडे करावी लागे आणि रक्कम अपुरी वाटल्यास किंवा फसवणूक, दडपण दिसल्यास ते नोंदणी नाकारू शकत. कोऱ्या कागदावर अंगठे घेण्याची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना या कलमांचे मोल सांगावे लागत नाही.

उरला प्रश्न टक्क्यांचा. १९६८ साली ओडिशातील एका चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. आयुक्तांनी त्याचे नुकसान १०० टक्के धरले. अपंगत्व अंशतःच आहे, असे म्हणत मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७५ च्या डिसेंबरात न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय कायम ठेवला. शरीराचा किती भाग उरला, यापेक्षा अपघाताच्या वेळी माणूस जे काम करू शकत होता ते आता करू शकतो का, ही कसोटी न्यायालयाने महत्त्वाची मानली. आणि सुतारकाम एका हाताने होत नाही. भरपाई देण्याची जबाबदारी आयुक्तांच्या निकालापासून नव्हे, अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते, हेही त्याच निकालात ठरले.